दिसत नव्हतं, कळत होतं

आमच्या कंपनीत माझं काम होतं बघायचं. बघून मला काही दिसलं नाही की सगळे खूश व्हायचे, दिसलं की सगळ्यांचे चेहरे पडायचे. असं काम दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. शेजारी विचारतात, "शालन, तू त्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गाळ्यात करतेस तरी काय?" मी म्हणते, "साफसफाई." ते खोटं नाही, सुरुवात साफसफाईनेच झाली. पुढचं सांगायला बसलं तर समोरच्याची जेवायची वेळ होईल, आणि मला चारचौघांत बोलणं सुचतही नाही. आमच्या सेक्टरच्या दिवाळी अंकासाठी यंदा 'माझं काम' यावर लिहून मागितलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं. चौथीत शाळा सुटलेली बाई काय लिहिणार? पण मग वाटलं, द्यायचं नसलं तरी लिहून ठेवायला काय हरकत आहे.

गाळा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली स्क्रूला मुलामा देणारा कारखाना, त्यामुळे जिन्यात कायम आंबट वास. वर आमच्याकडे मात्र काचेचं दार, एसी, आणि सात-आठ माणसं दिवसभर पडद्याकडे बघत बसलेली. मालक दीपक सर. हुशार माणूस, पण सतत घाईत. मृण्मयी मॅडम मुलुंडहून यायच्या, व्हिडिओच्या कुलपाचं सगळं त्यांच्याकडे. आणि सतीश, जो घरोघरी जाऊन कॅमेरे बसवायचा आणि ऑफिसात असला की सगळ्यांची टिंगल करायचा.

मी सकाळी लादी पुसायची, दोनदा चहा करायचा, डबे विसळायचे. दोन वर्षं मी तिथे एकूण किती वाक्यं बोलले ते मोजता आलं असतं.

कंपनी काय करते ते मला मृण्मयी मॅडमनी एकदा चहा पिता पिता समजावलं होतं. मला समजलं ते माझ्या भाषेत लिहिते. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला वीस-पंचवीस चित्रं. ती सगळी जशीच्या तशी पाठवायला गेलं तर इंटरनेटला ओझं झेपत नाही. म्हणून ती दाबून लहान करतात. कशी? आमच्या गावाहून पूर्वी पत्रं यायची तशी. पहिल्या पत्रात सासरे सगळं लिहायचे, घर शाकारलं, कलमं किती धरली, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. पुढच्या पत्रात फक्त नवीन तेवढं, म्हैस व्याली, बाकी सर्व पहिल्यासारखंच. व्हिडिओतही तसंच. अधूनमधून एक पूर्ण चित्र जातं. मधल्या वेळी नुसते निरोप जातात. हा चौकोन जरा डावीकडे सरकला, तो खाली आला, बाकी सर्व पहिल्यासारखंच.

आता हे वाटेत कोणी चोरून बघू नये म्हणून त्याला कुलूप घालायचं. आकड्यांची अशी सरमिसळ करायची की ज्याच्याकडे किल्ली, त्यालाच चित्र दिसावं, बाकीच्यांना नुसती खडी पसरल्यासारखं. पण कुलूप घालायला मेहनत लागते आणि ती कॅमेऱ्यातल्या एवढ्याशा चिपला करावी लागते. सगळ्याला कुलूप घालायला गेलं की ती तापते, दमते, चित्र अडकतं. म्हणून निवडक ठिकाणीच घालायचं. आपण दाराला कुलूप लावतो, मिठाच्या बरणीला लावत नाही, तसं. कुठे लावायचं आणि कुठे सोडायचं, हीच आमच्या कंपनीची विद्या.

मी त्यात पडले ती चकलीमुळे.

घाटकोपरच्या एक बाई फराळाचे क्लास घ्यायच्या. त्यांना त्यांचे व्हिडिओ विकायचे होते. त्यांची मागणी वेगळीच होती. त्या सरांना म्हणाल्या, "एवढं दिसू द्या की बाईला वाटलं पाहिजे, हे मला यायलाच हवं. पण एवढंही नको की बघून करता येईल. पैसे भरले की सगळं स्वच्छ."

सर म्हणाले, "म्हणजे अर्धवट कुलूप."

"अर्धवट नाही हो, पाऊण!"

तर मृण्मयी मॅडमनी पाऊण कुलूप घातलेला व्हिडिओ पडद्यावर लावला होता. सगळे उभे राहून बघत होते. करडे, पिवळे, जांभळे चौकोन. मी चहाचा ट्रे ठेवला, नजर गेली, आणि तोंडातून निघून गेलं, "ह्या चकल्या फार मोठ्या पाडतायत."

सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले.

"चकल्या कुठे दिसल्या तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

मी बोटाने दाखवलं. हा पुंजका गोल गोल फिरतोय, चार वेढे, मग थांबून खाली दाबल्यासारखा. शेवट चिकटवतायत. साध्या चकलीला तीन वेढे पुरतात.

सतीश म्हणाला, "आयला, ताईंच्या डोळ्यात काय स्कॅनर आहे काय!" दीपक सरांनी त्या दिवसापासून माझी खुर्ची पडद्यासमोर लावली. लादी पुसायला दुसरी बाई आली. माझ्या नावापुढे त्यांनी इंग्रजीत काहीतरी लिहिलं, सतीश त्याचं मराठी 'निरीक्षक' असं करायचा आणि वाकून नमस्कार करायचा. चहा मात्र मीच करत राहिले, कारण दुसरीचा कोणाला आवडेना.

काम असं. मॅडम कुलूप घातलेल्या क्लिपा लावायच्या, एकेक दोन-तीन मिनिटांची. मूळ व्हिडिओत काय आहे ते मला सांगायचं नाही. मी बघायचं आणि कागदावर खूण करायची. कागदावर एकच प्रश्न छापलेला, 'चित्रात काही दिसते का?' आणि पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. मी अक्षरं लावत वाचते, त्यामुळे एवढाच प्रश्न ठेवला होता. शिकलेल्या माणसांना दिसत नाही ते मला का दिसायचं? माझा अंदाज असा की ते चित्र शोधायचे. मी कधी चित्र शोधलंच नाही. सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या, वाचा गेलेली. त्यांना पाणी हवं की कूस बदलायची, हे मी स्वयंपाकाच्या ओट्यापासून नुसत्या त्यांच्या हलण्यावरून ओळखायची. डोळ्यांना ती सवय राहिली.

पुढे मोठं काम आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कॅमेरा बसवायचा. माणूस पडलं, झडलं तर मुलाला किंवा लेकीला फोनवर दिसावं. किल्ली फक्त त्या मुलाकडे, लेकीकडे. पण व्हिडिओ या घरातून त्या घरात सरळ जात नाही, वाटेत आमच्या मशीनवर उतरतो, आणखी कुठेकुठे थांबतो. तिथे त्याला हात लावणारी माणसं असतातच. त्यांना काही दिसता कामा नये. कॅमेऱ्याची पेटी स्वस्तातली, चिप गरीब. सगळ्याला कुलूप घातलं की ती इस्त्रीसारखी तापायची, आणि चित्र तीन-तीन मिनिटं अडकायचं. पडलेल्या माणसाला तीन मिनिटं उशीर म्हणजे कॅमेरा असून नसल्यासारखा. म्हणून मॅडमनी पूर्ण चित्रांना कुलूप घातलं, रंगाला, उजेड-अंधाराला घातलं. सरकण्याचे निरोप तेवढे मोकळे सोडले. नुसतं डावीकडे-उजवीकडे कळून कोणाला काय कळणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

ट्रायलसाठी मढच्या एका मावशींच्या घरी कॅमेरा लावला. आग्नेस मावशी. त्यांची लेक बोरिवलीला, तिनेच लावून घेतला. मी तेव्हा मावशींना पाहिलेलं नव्हतं. त्यांचं नाव क्लिपांच्या फोल्डरवर होतं, मॅडमनी वाचून दाखवलं तेवढंच.

त्या दिवशी पडद्यापुढे मी, शेजारी दीपक सर, पाठीमागे सतीश आणि आणखी दोघे पुरुष. मॅडम फोनवर बाहेर गेल्या होत्या. शनिवारी म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला चाळीस पेट्या द्यायच्या होत्या, खोके बांधून दाराशी रचलेले. पाच क्लिपा झाल्या. खडीच खडी. पाचही वेळा मी 'नाही'वर खूण केली, आणि त्या पाच खऱ्या होत्या. त्यांत कोणी फारसं हललंच नव्हतं.

सहावी सुरू झाली. हिरवट-करड्या खडीचा एक उभा पुंजका. त्याच्याभोवती काहीतरी फिरलं, एकदा, दोनदा. मग पुंजका जरा वाकला. पुढच्या बाजूने काही तरी खालून मागे गेलं. तिथे थांबलं. पुन्हा पुढे आलं. पुन्हा मागे.

बाई लुगडं नेसत होती. कासोटा मागे खोचत होती आणि हात पोचत नव्हता.

मी सहा वर्षं सासूबाईंना लुगडं नेसवलंय. पहिली दोन वर्षं त्या धरून उभ्या राहायच्या आणि स्वतः नेसायचा हट्ट करायच्या, तेव्हा अगदी असंच व्हायचं. मला अंग दिसलं नाही, चेहरा दिसला नाही, खोली दिसली नाही. पण एक म्हातारी बाई अर्धी उघडी उभी आहे हे मला कळलं, आणि मी चार पुरुषांच्या मध्ये बसून ते बघत होते. मी मान खाली घातली.

"काय निरीक्षकबाई, झोप लागली काय?" सतीश पाठीमागून म्हणाला.

"शालनताई, दिसतं का काही?" सरांनी विचारलं.

मी कागदाकडे बघितलं. दिसते का? दिसत नव्हतं. खरंच काही दिसत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं आणि खूण केली.

"झालं तर मग!" सरांनी टाळी वाजवली. "ताईंना दिसलं नाही म्हणजे कोणाच्या बापाला दिसणार नाही."

त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता, हेच मला जास्त लागलं. दोन दिवस मी घरी धड जेवले नाही. मनाला समजावत होते की मी खोटं बोलले नाही, विचारलं तेच सांगितलं. पण दाराशी रचलेले खोके बघितले की वाटायचं, चाळीस घरं. चाळीस घरांत कोणीतरी कपडे बदलणार, कोणाला भांडं लागणार, कोणाला पुसून काढावं लागणार. आणि वाटेत कुठेतरी माझ्यासारखे डोळे असलेला एखादा माणूस बसलेला असणार, तो काही मान खाली घालणार नाही.

गुरुवारी डबे धुवायच्या मोरीपाशी मृण्मयी मॅडम एकट्या सापडल्या. मी म्हटलं, "मॅडम, सहा नंबर." पुढे शब्दच फुटेना. मग मी पदर सोडला, वाकले, दोन पायांतून मागे नेला आणि खोचल्यासारखं केलं.

मॅडम बघत राहिल्या. "हे काय? योगा?"

"नाही हो."

"पाठ धरलीय का तुमची?"

"लुगडं," मी म्हटलं. "कासोटा. त्या सहा नंबरमध्ये बाई लुगडं नेसतेय."

त्या जीन्स घालणाऱ्या, त्यांच्या घरात आजीसुद्धा गोल साडी नेसलेली. त्यांना कासोटा माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्या धावत जाग्यावर गेल्या, ट्रायलपुरती त्यांच्याकडे असलेली किल्ली लावून मूळ क्लिप उघडली. एक क्षण बघितलं आणि पडदा बंदच करून टाकला.

"तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही कागदावर दिसतं का, असं विचारलंत."

मग मी खरं काय ते सांगितलं. "सगळे पुरुष होते मॅडम. मला लाज वाटली. म्हणून कागदाच्या आडून बोलले."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "चला सरांकडे. आणि तुम्हीच बोलायचं, मी नाही."

दीपक सरांना पटेना. "अहो, परवा खूण केलीत नाहीवर. आज हो. उद्या परत नाही होईल. भास होतो माणसाला. मी संस्थेला शनिवार सांगितलाय." मग म्हणाले, "ठीक आहे. दहा क्लिपा लावा, ताईंनी आधी न बघितलेल्या. आपल्याच ऑफिसातल्यांच्या घरच्या. सांगू दे काय चाललंय."

मला पळून जावंसं वाटलं. सगळं ऑफिस गोळा झालं. मॅडम माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पहिली क्लिप लागली.

"खाली बसून केर काढतंय कोणीतरी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"मोठ्याने, ताई," सतीश म्हणाला. त्याच्या आवाजात या वेळी टिंगल नव्हती.

"केर काढतंय. डावखुरं आहे."

मॅडमनी मूळ बघून मान हलवली. दुसरीत कोणी नुसतं बसलेलं होतं, मी सांगितलं की कळत नाही. तिसरीत लहान मूल रांगत होतं. चौथी चुकले, मला कपडे वाळत घालणं वाटलं, तो माणूस पंखा पुसत होता. पाचवीत नमाज की व्यायाम ते कळेना, पण उठबस होती. तो व्यायाम निघाला. असं करत करत नववी झाली. सहा बरोबर, दोन चूक, एक कळलं नाही. सर म्हणाले, "ठीकठाक आहे. अंदाजही असू शकतो."

दहावी लागली. एक पुंजका चालत आला, थांबला. दोन्ही कोपरं कमरेला लावून वर ओढल्यासारखी केली. पुन्हा चालला, पुन्हा तसंच. मग एका बाजूला टेकला आणि वर-खाली, वर-खाली.

मला हसू यायला लागलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, हे तुम्ही आहात."

"मी? कशावरून?"

"दर दोन पावलांनी कोपरांनी पँट वर घेताय. आणि... दाराच्या चौकटीला पाठ घासताय."

मग सतीशचा बांध फुटला. "सर, घरी वहिनींना सांगा ना, पाठ खाजवायची काठी दहा रुपयाला मिळते!" सगळे हसत सुटले. सरांनी आपल्या घरच्या कॅमेऱ्याची क्लिप दिली होती, कोणाला न सांगता, मला अडकवायला. ते हसले नाहीत. त्यांचा हात आपोआप पँटीकडे गेला आणि मध्येच थांबला. मी ते बघितलं आणि मला वाईट वाटलं. आपण एकटे आहोत असं समजून केलेलं काही कोणीतरी ओळखतं, तेव्हा कसं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

ते एवढंच म्हणाले, "खोके उघडा."

शनिवार गेला. संस्थेची बोलणी सरांनी खाल्ली, माझं नाव कुठे घेतलं नाही. ती मोठी गोष्ट केली त्यांनी.

आता प्रश्न तोच. सरकण्याच्या निरोपांना कुलूप घातलं तर पेटी तापते, नाही घातलं तर कळतं. सतीश रोज पेटीवर हात ठेवून बातमी द्यायचा, "वाट लागली मॅडम, पापड भाजून निघेल." आठवडा असाच गेला. मग मॅडमनी एक युक्ती काढली. मला समजली ती अशी. प्रत्येक निरोपात दोन गोष्टी असतात, किती सरकलं आणि कुठल्या बाजूला. 'किती' हा आकडा मोठा. 'कुठल्या बाजूला' म्हणजे नुसती एक खूण, अधिक किंवा वजा. त्यांनी आकडा तसाच ठेवला आणि फक्त खुणेला कुलूप घातलं. एवढंसं काम, चिपला ओझं नाही. पण बाजूच कळली नाही की हात पुढे गेला की मागे, माणूस बसलं की उठलं, काहीच लागत नाही. पत्रात म्हैस आहे, पण ती व्याली की मेली हे झाकलेलं, म्हणा ना.

सतीशने पेटीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवलाच. म्हणाला, "कोमट. झकास!"

कागदही बदलला. आता प्रश्न छापला, 'बघून काय कळते?' आणि पुढे चौकट नाही, मोकळ्या तीन ओळी. लिहायला मला वेळ लागतो, पण कोणी घाई केली नाही. या वेळी मॅडमनी पुरुषांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दोन दिवस मी बघत बसले. केर काढण्याची बघितली, रांगण्याची बघितली, सरांची बघितली. आणि मॅडमनी स्वतः लुगडं नेसून, म्हणजे मी त्यांना नेसवून, कासोट्याची एक नवी क्लिप केली होती, तीही कुठेतरी मध्ये होती. खडी उसळत होती, उकळत्या भातासारखी. काही तरी हलतंय एवढं कळायचं. काय, ते नाही. डोळे दुखले तरी मी सोडलं नाही. मला भीती होती की मला पुन्हा कळेल. आणि तितकीच भीती होती की कळलेलं मीच परत गिळेन.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी शेवटच्या कागदावर लिहिलं, 'काहीतरी हलते. काय ते कळत नाही.' लिहिलं आणि खुर्चीला टेकले. मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं. किती दिवसांनी पोटात भूक जाणवली.

मढच्या मावशींच्या पेटीत नवं कुलूप घालायचं होतं. मी मॅडमना म्हटलं, मला पण जायचंय. त्या म्हणाल्या, "जुन्या क्लिपा पुसून टाकल्यात. त्यांना काही सांगायची गरज नाही, ताई."

सतीशबरोबर मार्वेच्या रस्त्याने गेले. चर्चच्या मागे कौलारू घर, ओट्यावर बोंबील सुकायला घातलेले. आग्नेस मावशी दारातच उभ्या, काळ्यासावळ्या, ताठ, लाल चौकड्यांचं लुगडं. कासोटा एका बाजूला सैल पडलेला. मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

सतीशने स्टुलावर चढून पेटीत नवं कुलूप घातलं आणि तो झाकण लावत होता. मावशी मला म्हणाल्या, "तू पण ह्याच्याच हापिसातली काय गो? एक सांग. ह्याच्यातून मना कोन कोन बगतं?"

"तुमची लेक."

"ता मना ठावं हाय. आनिक कोन?"

सतीशने वरून माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी खुणावलं, सोड. मी म्हटलं, "सतीशभाऊ, तुम्ही जरा ओट्यावर जाता?" तो गेला. मग मी मावशींना सगळं सांगितलं. त्यांच्यापुढे जमिनीवर बसून सांगितलं. की कुलूप होतं पण कच्चं होतं, की तुम्ही लुगडं नेसत होतात ते मला कळलं, चार माणसं बसली होती पण त्यांना नाही कळलं, फक्त मला, आणि नंतर मी सांगितल्यावर आमच्या मॅडमना. आणि मी लगेच बोलले नाही.

बाहेर सतीश कुत्र्याशी बोलत होता ते ऐकू येत होतं.

"माज्या घोवान पन मना कवा लुगडं नेसताना बगितला नाय," त्या म्हणाल्या. "दार लावल्याबिगर नेसली नाय मी. आन तू बगितलंस."

"हो."

"आता? आता दिसल?"

"आता मी दोन दिवस बसून बघितलं, मावशी. दुसऱ्या बाईचं, मुद्दाम नेसवून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला काही कळलं नाही."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

"आन कायच कळला नाय?"

"काहीच नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांचे ओठ हलले, आणि तोंडात राहिलेले चार दात दिसले. "दोन दिवस बगून तुना साधा लुगडा कळला नाय? मंग काय कामाची गो तू!"

मी हसले. परक्या घरात, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. त्याही हसत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, सतीशला ओट्यावरच बस, चहा आणते म्हणून हाक मारली आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबून सैल झालेला कासोटा सोडला. वर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाल्या, "बसलीस काय? खोच की मागे. माजा हात पोचत नाय."